नाव घेण्याजोगं आणखी कोणी नाही

शेक्सपिअरचं 'हेन्री द फिफ्थ' शिकवताना माझा सगळा जोर लढाईआधीच्या भाषणावर असायचा. २५ ऑक्टोबर १४१५. तिशीही न गाठलेला राजा, समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये आलेलं आणि हगवणीनं खिळखिळं झालेलं सैन्य, समोर अजिंकोर्टच्या चिखलात उभी फ्रेंच फौज. आमचं कॉलेज सातारा जिल्ह्यातलं. निम्म्या वर्गाच्या घरातलं कोणी ना कोणी मिलिटरीत. त्या भाषणाला मुलं आपसूक ताठ बसतात.

त्या दिवशी मात्र लढाई संपली होती. राजाच्या हातात मृतांच्या याद्या येतात, तो प्रवेश मी दोन मिनिटांत उरकते. दहा हजार फ्रेंच. मग इंग्रजांचा कागद : ड्यूक ऑफ यॉर्क, अर्ल ऑफ सफोक, सर रिचर्ड केटली, डेव्ही गॅम. नाव घेण्याजोगं आणखी कोणी नाही, बाकीचे फक्त पंचवीस.

"मॅडम, त्या पंचवीस जणांना नावं नव्हती?"

दुसऱ्या बाकावरची मुलगी. जुन्या पुस्तकातल्या त्या ओळीवर तिचं पेन्सिलचं टोक टेकलेलं.

"होती गं. पण साधे शिपाई ते." खरा आकडा पंचवीसपेक्षा बराच मोठा होता, हेही मी सांगून टाकलं. तिला आकड्याशी देणंघेणं नव्हतं.

"आमच्या गावातल्या दगडावर पण असंच आहे."

तास संपल्यावर तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. संगमरवरी पाटी, इंग्रजी अक्षरं : या गावातून १९१४-१९च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके कामी आले. बस्स. "आजीचे आजोबा गेले होते, बसऱ्याला. परत आले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी नेमलेला भाग बाजूला ठेवला आणि वर्गाला मागं नेलं, लढाईच्या आदल्या रात्रीकडे. राजा वेश पालटून छावणीत फिरतोय. विल्यम्स नावाचा शिपाई त्याला न ओळखता बोलतो : लढाईचं कारणच न्यायाचं नसेल, तर राजाला जड हिशेब द्यावा लागेल. तुटलेले हातपाय, मुंडकी शेवटच्या दिवशी गोळा होऊन ओरडतील, आम्ही अमक्या ठिकाणी मेलो. कोणी मागं राहिलेल्या बायकोसाठी, कोणी कर्जासाठी, कोणी पोरक्या लेकरांसाठी.

मी सावकाश वाचलं. राजाचं लांबलचक उत्तरही वाचलं. तीच मुलगी म्हणाली, "हा ज्याच्या त्याच्या पापाचं बोलतोय. त्यानं तर लढाईचं कारण विचारलं होतं."

इतकी वर्षं शिकवते, पण राजा तो प्रश्न चुकवतो हे मी वर्गात कधी बोलले नव्हते. भाषणाच्या भरात तो शिपाई माझ्याही नजरेआड व्हायचा.

त्या रात्री घरी मी बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचत बसले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात पडलेल्या, कबरींचा पत्ता नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी ते १९२९मध्ये उभं राहिलं. हिंदी शिपायांची नावं त्याच्या भिंतींवर कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढं आकडा. नावं गेली कागदावरच्या नोंदवह्यांत. हे चुकलं होतं, असं युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगानं २०२१च्या अहवालात मान्य केलं.

हे तिला सांगताना माझा आवाज नीट लागेना. ती ऐकत राहिली. मग पुस्तक उघडून त्या पंचवीसच्या ओळीखाली, समासात, तिनं आजीच्या आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. पेन्सिलनं नाही, पेननं.