आमची वाटचाल : सांगलीचे हलते देखावे

गणपतीत चौकात मूर्ती हलताना दिसतात, त्या बहुतेक वेळा मंडळाच्या नसतात, आमच्यासारख्यांच्या असतात. भाड्याच्या. यंदा सांगलीत लागलेला सेट पुढच्या वर्षी इचलकरंजीला, मग निपाणी, बेळगाव. एका चौकात तोच देखावा पुन्हा लावायचा नाही, हा वडिलांचा नियम.

वडील नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांचे भागीदार नाना एसटीत वायरमन. मूर्ती वडिलांच्या, हालचाल नानांची. जुन्या ट्रकची वायपर मोटर नानांनीच पहिल्यांदा आणली. १२ व्होल्टची, आत वर्म गिअर, त्यामुळे मिनिटाला 40-50 फेरे आणि जोर भरपूर. आणि त्यांचा ड्रम! सागवानी ओंडका, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. ड्रम सावकाश फिरतो, पट्टी ब्रशला, म्हणजे वीज जोडणाऱ्या टोकाला, टेकली की त्या पट्टीची मोटर सुरू, सुटली की बंद. आता तयार सर्किट मिळतं, पण भर पावसात स्टेजवर सर्किट गेलं तर रात्री अकराला कोण दुरुस्त करणार? ड्रमची पट्टी मी पॉलिश पेपरनं घासतो आणि देखावा चालू.

आमचा सगळ्यात नावाजलेला सेट गोरोबाकाकांचा. एकाच क्रँकवर दोन्ही पाय, उजवा वर तर डावा खाली. पाचव्या पावलाला ड्रमची पट्टी बाळाच्या मोटरला लागते आणि चिखलातून वर आलेला इवलासा हात आत जातो. तिथं बायका पदर डोळ्याला लावतात. तो हात वडिलांनी शाडूत चार वेळा मोडून पाचव्यांदा केला होता.

मधली वर्षं चांगली गेली. वडील गेले, नाना गेले, काम वाढलं.

मग २०१९. गावभागातल्या गोडाऊनमध्ये २००५ च्या पुराची खूण होती. त्या खुणेच्या दीड फूट वर मी लोखंडी माळा बांधून मोटरी, साचे, ड्रम ठेवले होते. २००५ च्या वर पाणी येत नाही, असं सगळी सांगली म्हणायची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. चतुर्थी होती २ सप्टेंबरला.

पाणी ओसरल्यावर शटर उघडलं. फायबरच्या मूर्ती पोकळ, त्या तरंगत पत्र्याला जाऊन टेकल्या होत्या आणि पाणी उतरताना एकमेकींवर पडल्या होत्या. त्या वाचल्या. पण प्लॅस्टरचे साचे विरघळलेल्या खडूसारखे झाले होते. ६२ मोटरी गाळानं भरलेल्या. पोरांना घेऊन एकेक उघडली, डिझेलनं धुतली, हॅलोजनखाली वाळवली, कार्बन ब्रश बदलले. १९ चालल्या.

बरीच मंडळं म्हणाली, यंदा देखावा नको, पैसे पूरग्रस्तांना देतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेच बरोबर होतं. तक्रार आहे ती आमच्याच धंद्यातल्या एका माणसाबद्दल. मी गाळ उपसत होतो तेव्हा तो माझ्या तीन मंडळांना सांगत फिरला, त्यांचं सगळं वाहून गेलं, ते आता उभे राहत नाहीत. तिघांनाही त्यानं मूर्तींऐवजी एलईडीचा पडदा दिला. हा माणूस वडिलांच्या हाताखाली फायबर ओतायला शिकला. रेझिनला हार्डनर किती, हे त्याला आमच्या अंगणात कळलं. सहा वर्षं झाली, मी विसरलेलो नाही.

त्याच आठवड्यात हळदीच्या पेठेतले अण्णा आले. त्यांच्या मंडळाचा पूर्ण ॲडव्हान्स माझ्याकडे होता आणि तो परत करायला माझ्याकडे पैसे नव्हते. अण्णा गाळात चप्पल हातात घेऊन उभे राहिले, गोरोबांचा निखळलेला पाय बघितला आणि म्हणाले, "मास्तर, हे पुढच्या वर्षीचं समजा." पुढच्या वर्षी कोरोना. गणेशमूर्ती चार फुटांच्या आत, देखावे बंद. २०२१ ला चतुर्थीच्या आधी पुन्हा पूर. अण्णांनी त्या पैशांचं एकदाही नाव काढलं नाही.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. पुराच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, मोटरी उंच भागातच ठेवा. माझ्या आता विश्रामबागेत बहिणीच्या गच्चीवरच्या खोलीत असतात. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय टेम्पो भरू नका. लोखंडी स्टेजला अर्थिंग स्वतः तपासा, मांडववाल्यावर सोडू नका. आणि कामगाराला शिकवताना हात आखडू नका, एकानं दगा दिला म्हणून बाकीची पोरं तशी नसतात. माझी पाच पोरं त्या गाळातही माझ्याबरोबर होती.

२०२२ ला निर्बंध उठले. अण्णांनी गोरोबाच मागितले, त्यांच्या चौकात ते आधी लागून गेलेले असूनही. वडिलांचा नियम मी तेवढा एकदाच मोडला.

त्या तीन मंडळांपैकी दोन परत आली. तिसऱ्या चौकात अजून पडदाच लागतो. दहा दिवस मी लांबच्या रस्त्यानं घरी जातो.