आधी श्वास बघा, पंचनामा नंतर

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर कुणी निपचित पडलेला दिसला की पहिला शब्द येतो ‘गर्दुल्ला’, आणि पाठोपाठ पंचनाम्याचा विचार. मोलाची मिनिटं तिथेच जातात.

ब्राऊन शुगर (भेसळीचं हेरॉईन) जास्त झाली की श्वास मंदावतो. ओठ-नखं निळी पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशात घरघर लागते. ही घरघर झोपेतलं घोरणं समजली जाते, हीच सगळ्यात घातक चूक. छातीच्या मधल्या हाडावर मूठ जोरात घासा. हालचाल नाही? १०८ लावा, हनुवटी वर करा, दर ५ सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. स्वतःचा श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा.

नॅलॉक्सोन हा अशा नशेवरचा उतारा काही मिनिटांत शुद्धीवर आणतो, पण असर साधारण ३० ते ९० मिनिटंच. नशा त्याहून जास्त टिकू शकते. म्हणून उठून बसलेल्यालाही घरी धाडू नका. अमेरिकेत क्विन्सीचे पोलीस २०१० पासून नॅलॉक्सोन जवळ बाळगतात.

‘वाचवला तरी पुन्हा ओढणारच’ असं पोलीस वैतागून म्हणतात. वैताग कळतो, पण एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देतं. सोबतचे अटकेच्या धास्तीने पळतात. त्यांना आधी एवढंच विचारा, काय घेतलं, कधी घेतलं, दारू सोबत होती का.