मॉड्युलरसाठी ३२ कीजचा छोटा कीबोर्ड : कीबेडपासून शुद्ध गांधारापर्यंत

मॉड्युलर सिंथेसायझरला (सुट्टी मॉड्युल तारांनी जोडून वाजवायचं वाद्य) जोडायला आम्ही छोटा कीबोर्ड बनवतोय. काम कुठवर आलंय ते आधी. कीबेड (कीज आणि त्यांच्या खालची काँटॅक्टची पट्टी) नीट वाचला जातोय, पिच (स्वर ठरवणारं व्होल्टेज) आणि गेट (की दाबलेली आहे हे सांगणारा सिग्नल) बाहेर पडतायत, स्वरांचा तक्ता बसलाय. खोका आणि मिडी इन (दुसऱ्या वाद्याकडून स्वरांचे डिजिटल संदेश घ्यायची वाट) बाकी आहे.

कोणता घ्यायचा

आपल्या सोलापुरात कीज असलेली कुठलीही वस्तू म्हणजे ‘कॅसिओ’. मॉड्युलरसाठी मात्र छोट्या कीबोर्डात फरक करावाच लागतो. अकाई एलपीके २५ किंवा कॉर्ग नॅनोकी स्वस्त आणि सुटसुटीत आहेत, पण त्यांना फक्त यूएसबी आहे आणि समोर कॉम्प्युटर लागतो. साध्या मिडी-टू-सीव्ही मॉड्युलला (मिडीचे संदेश व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या) ते जोडता येत नाहीत, त्या मॉड्युलमध्ये यूएसबी होस्ट असावा लागतो. हे बहुतेकांना पैसे दिल्यावर कळतं. आर्टुरिया कीस्टेपला ३२ स्लिम कीज आहेत, पिच, गेट आणि मॉड थेट ३.५ मिमी जॅकवर मिळतात. नुसतं वाजवायचं असेल तर सरळ तोच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

आम्हाला बारा स्वरांपैकी प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं हलवायचं होतं. म्हणून बंद पडलेल्या मिनी कीबोर्डचा कीबेड वापरला. मदरबोर्ड जळालेला चालतो. कीज, रबर आणि खालची काँटॅक्टची पट्टी शाबूत हवी, एवढंच.

मॅट्रिक्स शोधणं

३२ कीजसाठी बहुधा ८ × ४ चं मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या तारांची जाळी) असतं, म्हणजे रिबनमध्ये १२ तारा. मल्टिमीटरच्या बीपवर ते शोधायला जाऊ नका. रबराखालच्या कार्बनचा रेझिस्टन्स काही शे ओहम असतो, त्यामुळे की दाबली तरी बीप वाजत नाही आणि पट्टी मेली असं वाटतं. मीटर २० किलोओहमवर ठेवा. मधे डायोड असला तर त्या रेंजवरही काही दिसणार नाही, मग डायोड मोडवर दोन्ही दिशांनी बघा. एकेक की दाबून कोणती जोडी जुळते ते वहीत लिहून काढा. डायोड नसतील तर प्रत्येक कीला १एन४१४८ लावा. ते टाळलं तर मॅट्रिक्समधल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबल्यावर चौथा स्वर आपोआप लागतो.

इथे एक खास सोलापुरी अडचण आहे. यंत्रमागाच्या भागात हवेत सुताचे तंतू असतात, ते रबराच्या घुमटात शिरून कार्बनवर बसतात. कीज वाचायला आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) लावलाय, त्याचा आतला पुल-अप (इनपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा असतो. काँटॅक्ट काही किलोओहमचा असेपर्यंत स्वर लागतो, मळून शंभरच्या वर गेला की दाबूनही गप्प. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि बिनतंतूच्या कापडाने पुसा. रबराचा कार्बन घासू नका, तो निघून येतो. वाजवून झालं की वर झाकण हवंच. टॉवेल नको, त्याचेच तंतू आत जातात.

नॅनोच्या पिना

आर्डुइनो नॅनोवर डी २ ते डी ९ हे आठ इनपुट, ए ० ते ए ३ या चार स्कॅन लाइन. डॅकसाठी (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपसाठी) डी १०, डी ११ आणि डी १३. गेट डी १२ वर घ्यायचा मोह होतो, कारण ती पिन मोकळी दिसते. पण एसपीआय (डॅकशी बोलायची सीरियल पद्धत) चालू झालं की ती पिन इनपुटच राहते, गेट उठतच नाही. गेट ए ४ वर घ्या, पुढे १ किलोओहम.

स्कॅन करताना एकच लाइन लो करायची, बाकीच्या तीन इनपुट ठेवायच्या. डायोडचा कॅथोड स्कॅन लाइनकडे. लाइन बदलल्यावर १० ते २० मायक्रोसेकंद थांबून मगच वाचा. डीबाउन्स (की दाबताना काँटॅक्ट थरथरतो ते जाऊ देण्याचा वेळ) ५ मिलिसेकंद पुरतो.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी डॅकला नवं व्होल्टेज लिहा, १ ते २ मिलिसेकंदांनी गेट उचला. उलट केलं तर एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारं मॉड्युल) जुन्या स्वरावर उघडतो आणि प्रत्येक स्वराच्या तोंडाशी ‘चिक’ असा आवाज येतो. शेवटची दाबलेली की वरचढ ठेवली आहे. ती सोडली की आधीच्या धरलेल्या स्वरावर परत, गेट न पाडता. मुरकीसारखी जागा त्यामुळेच घेता येते.

डॅक

सुरुवातीला एमसीपी ४७२५ लावला होता, तो काढला. त्याचा रेफरन्स म्हणजे त्याला मिळणारा पुरवठा, त्यामुळे यूएसबीचे ५ व्होल्ट जरा हलले की स्वर हलतो. एमसीपी ४८२२ मध्ये स्वतःचा २.०४८ व्होल्टचा रेफरन्स आहे. गेन दुप्पट केला की पूर्ण पल्ला ४.०९६ व्होल्ट, म्हणजे एक पायरी बरोबर १ मिलिव्होल्ट. १ व्होल्ट पर ऑक्टेव्हच्या (दर सप्तकाला १ व्होल्ट) हिशेबात अर्धस्वर ८३.३३ मिलिव्होल्ट आणि एक सेंट, म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग, ०.८३ मिलिव्होल्ट. गोल करताना चूक पडली तरी जास्तीत जास्त ०.६ सेंट. एवढी कानाला कळत नाही.

दोन चुका हमखास होतात. पाच नंबरची पिन, एलडॅक, ग्राउंडला जोडायची राहते आणि आउटपुट जागचं हलत नाही. दुसरी म्हणजे गेन बिट १ राहतो. तो दुप्पट गेनसाठी ० हवा, नाहीतर एका सप्तकाच्या अंतरात जेमतेम अर्धं सप्तक चढतं.

डॅकच्या पुढे टीएल०७२ या ऑप-अँपचा बफर, ± १२ व्होल्टवर. आउटपुटचा १ किलोओहम फीडबॅकच्या आत घ्या, म्हणजे फीडबॅकची तार रेझिस्टरच्या जॅककडच्या टोकापासून काढा, आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून इन्व्हर्टिंग इनपुटला १०० पिकोफॅरड. तो रेझिस्टर बाहेर ठेवला तर १०० किलोओहमच्या ऑसिलेटर इनपुटशी त्याचा डिव्हायडर होतो, एक टक्का व्होल्टेज पडतं आणि दर सप्तकाला १२ सेंट उतरतात. मल्टिपल (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारं मॉड्युल) लावून दोन ऑसिलेटर जोडले की चूक जवळपास दुप्पट. एक ऑसिलेटर जुळवला की दुसरा का बिघडतो, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

कॅलिब्रेशन सॉफ्टवेअरमध्ये केलं. कोड ४००० लिहून मीटरवर ३.९६२ व्होल्ट आले, म्हणून सगळ्या कोडना १.००९६ ने गुणलं. शून्याच्या बाजूची दोन-तीन मिलिव्होल्टची ऑफसेट सोडून द्या, ती ऑसिलेटरच्या नॉबने जाते. स्केलची चूक नॉबने जात नाही.

स्वरांचा तक्ता

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते हे. समान अंतराच्या स्वरांपासून किती सरकायचं, मिलिव्होल्टमध्ये: शुद्ध रे +३.३, शुद्ध ग −११.४, शुद्ध म −१.६, प +१.६, शुद्ध ध −१३.०, शुद्ध नी −९.८. कोमल रे +९.८, कोमल ग +१३.०, कोमल ध +११.४. कोमल नी रागाप्रमाणे −३.३ किंवा +१४.७, म्हणून त्याला वेगळा स्विच. तीव्र म सध्या जागेवरच ठेवलाय.

तक्ता षड्जाला बांधलेला आहे. बटण धरून जी की दाबाल ती सा होते, स्वरपट्टी बदलली की तक्ताही सरकतो. ३२ कीजना २.५८ व्होल्ट पुरतात, त्यामुळे एक सप्तक वर चढवायला जागा उरते.

तपासायची पद्धत: एक ऑसिलेटर काळी एकच्या षड्जावर, १३८.६ हर्ट्झला, सॉ वेव्हमध्ये सोडून द्या. दुसऱ्यावर कीबोर्डने ग धरा. तक्ता बंद असताना सेकंदाला साडेपाच ठोके ऐकू येतात, कारण षड्जाचा पाचवा हार्मोनिक ६९३ वर आणि गांधाराचा चौथा ६९८.५ वर असतो. तक्ता चालू केला की ठोके मंदावत थांबतात आणि दोन्ही स्वर एकात मुरतात. पेटीवर जे कधी मिळत नाही ते इथे एका कीवर मिळतं. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा हात तिथून उचलवणार नाही!

हे दुपारी करू नका. ऑसिलेटरच्या एक्स्पोनेन्शियल भागाचं (व्होल्टेजचा स्वर करणाऱ्या) स्केल, तापमानाची भरपाई नसेल तर, दर अंशाला ०.३३ टक्के हलतं, पाच सप्तकांवर ते वीस सेंट होतात. ही भरपाई करणारा टेम्पको रेझिस्टर असला तरी रॅक अर्धा तास गरम होऊ द्या. मे महिन्यात कूलरचा झोत रॅकवर येणार नाही असं बघा. झोत फिरला की सूर फिरतो.

पुरवठा आणि पुढचं

रॅकच्या +१२ वरून ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) घेतला. ५० मिलिअँपियरला ०.३५ वॅट, हीटसिंक नको. रिबनची लाल कड −१२ कडे, आणि उलटं लागू नये म्हणून पुरवठ्याच्या तारेत १एन५८१७ डायोड. लॅपटॉपची यूएसबी लावून वाजवलं की चार्जरची गुणगुण ग्राउंडमधून ऑडिओत येते. स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चढवून झालं की ती केबल काढा.

खोक्यासाठी ३ मिमी अॅक्रिलिक, जॅकना ६ मिमी भोकं. मिडी इन ६एन१३८ या ऑप्टोकपलरवरून डी ० ला येईल. स्केच चढवताना ती तार काढावी लागते, कारण यूएसबी सीरियलही त्याच पिनेवर आहे. म्हणून तिथे जंपरची जागा सोडली आहे.