पुरुषांच्या वाट्याची आज्ञा

चर्चमध्ये शिरताना पुरुषाने टोपी काढून हातात घ्यावी, हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे एखादी धर्माज्ञा असेल, अशी शंकाही सहसा कुणाला येत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात स्त्रियांनी प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकावे असे म्हटले आहे आणि त्याच ओघात पुरुषांनी ते झाकू नये असेही बजावले आहे. कॅथलिकांच्या 1917 च्या धर्मसंहितेने स्त्री-पुरुष दोघांसाठी याचे कलमच केले. 1983 च्या संहितेत ते उरले नाही. केरळातल्या सीरियन परंपरेच्या अनेक चर्चमध्ये स्त्रिया अजूनही डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. स्त्रियांच्या वाट्याचा नियम असा कुठे टिकला, कुठे विरला; पुरुषांचा मात्र बिनबोभाट चालू आहे. (बिशपांच्या टोपीचे काय, हे बिशपांनाच विचारावे.)

कुराणातला क्रम याहून बोलका आहे. 24व्या सूरेत (अध्यायात) नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी, 30व्या आयतीत (वचनात), पुरुषांना आहे. स्त्रियांच्या ओढणीचा उल्लेख 31व्या आयतीत येतो. पुरुषांची नजर तपासायला पोलीस रस्त्यावर उतरल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. ओढणीसाठी मात्र ते दोन्ही बाजूंनी उतरले: इराणमध्ये 1936 साली तिथला राजा रझा शाह याच्या पोलिसांनी बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढली, 1979 च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने डोके झाकणे सक्तीचे केले आणि 2022 मध्ये याच नियमावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी कर्नाटकातल्या शाळा-महाविद्यालयांतील हिजाबबंदीवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती दोन दिशांना गेले.

ननच्या डोक्यावरच्या वस्त्रात आपल्याला त्याग दिसतो आणि हिजाबात दडपण, ही आपल्या नजरेची खोड मला खटकते. पण तो फरक निव्वळ पूर्वग्रहातून आला आहे, असेही म्हणवत नाही. नन सज्ञान वयात, पुरेशा विचारानंतर व्रत घेते. शाळकरी मुलीच्या हिजाबामागे वडिलांचा शब्द असू शकतो, तसा घरच्यांचा विरोध मोडून तिने स्वतः घेतलेला निर्णयही असू शकतो, आणि फाटकावर अडवणाऱ्या शिपायाला हे दोन्ही हिजाब अगदी सारखेच दिसतात.