शेअर्ड ड्राइव्ह उघडेना: घरच्या नेटवर्कवरील चार संध्याकाळींची नोंद

घरच्या नेटवर्कवर एक रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटासा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), चोवीस तास चालू असतो. त्याला यूएसबीने एक बाहेरचा हार्ड ड्राइव्ह जोडलेला आहे आणि सांबा या फाइली शेअर करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने त्यातील एक फोल्डर दोन विंडोज संगणक व एक लिनक्स लॅपटॉप यांच्यासाठी शेअर केलेले आहे. आजवर हा ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता वापरात होता आणि त्याला पासवर्ड नव्हता. जो येईल त्याला सांबा पाहुणा, म्हणजे गेस्ट, म्हणून आत घेत असे. एका संगणकावर विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती आली आणि त्यावरून ड्राइव्ह उघडेनासा झाला. उरलेली दोन यंत्रे मात्र पूर्वीसारखीच चालत राहिली.

पहिली संध्याकाळ

खालच्या थरापासून वर जायचे, असे ठरवून सुरुवात केली. पिंगला, म्हणजे पाय नेटवर्कवर आहे का हे विचारणाऱ्या संदेशाला, उत्तर येत होते. विंडोजच्या पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने पायचे पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचे दार, तपासले, तेही उघडे होते. या दोन तपासण्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत, पण वायर, राउटर आणि फायरवॉल यांच्यावरचा संशय त्यांनी एकदम दूर होतो.

विंडोज आणि सांबा एकमेकांशी ज्या पद्धतीने फाइलींची देवाणघेवाण करतात तिला एसएमबी म्हणतात. अशा वेळी तिची जुनी आवृत्ती, एसएमबी १, पुन्हा सुरू करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो कोणीही मानू नये, असे माझे ठाम मत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारे सॉफ्टवेअर पसरले ते याच जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन. विंडोज १० ने १७०९ या आवृत्तीपासून आणि सांबाने २०१९ च्या ४.११ पासून तिला मूळ मांडणीतच बंद ठेवले आहे. शिवाय माझ्या पायवरील सांबा एसएमबी ३ बोलतो, त्यामुळे तिची गरजच नव्हती.

खरे कारण साइनिंगचे, म्हणजे संदेशांवरील डिजिटल सहीचे, होते. २४एच२ पासून विंडोज ११ प्रो प्रत्येक एसएमबी संदेशावर सही असण्याचा आग्रह धरते. सहीची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डच्या आधारे तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, म्हणून किल्ली तयार होत नाही आणि जोडणी नाकारली जाते. हा आग्रह शिथिल करणारी सेटिंग उपलब्ध आहे, पण मला बदलायला हवी होती ती माझीच मांडणी.

दुसरी संध्याकाळ

गेस्ट प्रवेश बंद केला आणि पायवर नवा यूजर तयार केला. सांबा स्वतःची पासवर्डची नोंद लिनक्सपासून वेगळी ठेवतो, त्यामुळे यूजर तयार करूनच भागत नाही. एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने तो सांबातही जोडावा लागतो. नंतर शेअरच्या व्हॅलिड यूजर्समध्ये, म्हणजे परवानगी असलेल्यांच्या यादीत, त्याचे नाव घातले, टेस्टपार्म या कमांडने सांबाची सेटिंगची फाइल तपासली आणि सेवा पुन्हा सुरू केली.

आता एक चमत्कारिक अवस्था आली. एक्सप्लोररमध्ये पायचा आयपी पत्ता दिला की पासवर्ड विचारला जाई आणि फोल्डर उघडे. पायचे नाव दिले की काहीही न विचारता परवानगी नाकारली जाई. नाव चालत नाही आणि पत्ता चालतो, म्हणजे दोष नाव शोधण्यात असणार, असे मी गृहीत धरले आणि त्यात संध्याकाळचा बराचसा वेळ गेला. राउटरमध्ये पायसाठी पत्ता राखून ठेवला. ते काम कधीतरी करायचेच होते, पण मूळ अडचण जागीच राहिली. वास्तविक नाकारणारा संदेश पायकडूनच येत होता, म्हणजे नाव बरोबर सापडत होते; हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

शेवटी एक्सप्लोरर सोडून कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज ही जोडणीची कमांड वापरली, नवे यूजरनाव दिले आणि १२१९ हा त्रुटी क्रमांक मिळाला. एकाच सर्व्हरशी दोन वेगवेगळ्या यूजरनावांनी एकाच वेळी जोडणी करता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. पूर्वी चाचणीसाठी केलेल्या एका यूजरचा पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्डच्या साठ्यात, पायच्या नावापुढे साठवलेला राहिला होता. विंडोज तोच गुपचूप पुढे करत होती आणि त्या यूजरला या शेअरची परवानगी नव्हती. विंडोजच्या लेखी नाव आणि आयपी पत्ता हे दोन निराळे सर्व्हर असतात, म्हणून पत्त्याने गेल्यावर ती जुनी नोंद आड येत नव्हती. नोंद पुसली, नेट यूजने सर्व जोडण्या तोडल्या, साइन आउट करून परत आलो आणि नावानेही प्रवेश मिळाला.

तिसरी संध्याकाळ

आता वाचता येत होते, लिहिता येत नव्हते. सांबात रीड ओन्ली हा पर्याय मुळात चालूच असतो. तो बंद केला, तरी लिहिता येईना. चोन या कमांडने फोल्डरची मालकी नव्या यूजरला देऊ केली, तर लिनक्सने तीही नाकारली. ड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि एक्सफॅटमध्ये फाइलचा मालक नोंदवण्याची सोयच नाही. सगळ्या फाइली कोणाच्या मानायच्या हे माउंट करतानाच, म्हणजे ड्राइव्ह एखाद्या फोल्डरच्या जागी जोडतानाच, ठरते. माउंटच्या सेटिंगची फाइल असलेल्या एफएसटॅबमध्ये यूआयडी आणि जीआयडी (यूजरचा आणि त्याच्या गटाचा क्रमांक) नव्या यूजरचे दिल्यावर पहिली फाइल लिहिली गेली.

चौथी संध्याकाळ

पाय पुन्हा सुरू केला आणि शेअर रिकामे दिसले. त्या क्षणी वाटलेली भीती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती सांगायला नको. ड्राइव्ह सुखरूप होता. एफएसटॅबमध्ये नोफेल, म्हणजे ड्राइव्ह नसला तरी पुढे जा, हा पर्याय असल्याने पाय ड्राइव्हसाठी थांबला नव्हता आणि सांबा माउंटच्या जागेचे रिकामे फोल्डर शेअर करत होता. त्या अवस्थेत मी कॉपी सुरू केली असती, तर सारे मेमरी कार्डवर गेले असते आणि कार्ड भरून पायच बंद पडला असता.

यावर दोन उपाय केले. ड्राइव्ह अनमाउंट करून रिकाम्या फोल्डरला चॅटर या कमांडने अपरिवर्तनीय केले, म्हणजे ड्राइव्ह नसताना तेथे सर्वाधिकार असलेल्या रूट यूजरलाही लिहिता येणार नाही. दुसरे म्हणजे सांबाच्या सेवेला सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत, रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही अट घातली, त्यामुळे ड्राइव्ह माउंट झाल्याशिवाय सांबा सुरूच होत नाही. शेअर अजिबात न दिसणे मला रिकामे दिसण्यापेक्षा कितीतरी बरे वाटते.

त्यानंतर ड्राइव्ह काढून आणि लावून असा चार वेळा पाय सुरू केला. चारही वेळा अपेक्षित तेच घडले. दोन्ही विंडोज संगणकांवरून आणि लॅपटॉपवरून वाचणे आणि लिहिणे चालू आहे. ड्राइव्ह आता थेट विंडोजला जोडण्याची वेळ येत नाही आणि एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे अचानक बंद पडल्यास सावरण्यासाठी ठेवलेली बदलांची नोंद, नसते, म्हणून सर्व माहितीची दुसरी प्रत तयार झाली की तो ईएक्सटी ४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करायचा आहे. ती प्रत सध्या तयार होत आहे.