एका पानाचे नियम

आमच्या पहिल्या मल्टीगन (म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्हींच्या) नेमबाजी सामन्याचे नियम एका पानावर मावले होते आणि त्या पानाचा मला कोण अभिमान होता! समास पण ऐसपैस सोडले होते. तिसऱ्या सामन्यात, जूनच्या भर दुपारी, त्याच पानाने माझं तोंड बंद केलं.

झालं असं की चार नंबरच्या बेमध्ये, म्हणजे मातीच्या बांधांमधल्या कप्प्यात, शॉटगनने सुरुवात होती. सहा लोखंडी पाट्या पाडायच्या, गन पिंपात टाकायची, पिस्तूल काढायचं आणि पुढे पळायचं. पिंप म्हणजे आपला निळा प्लॅस्टिकचा ड्रम, तळाशी जुन्या गालिच्याचा तुकडा. गन त्यात नळी खाली करून ठेवतात. एका गड्याने पाट्या पटापट पाडल्या, गन टाकली, पिस्तुलाचा भागही झकास मारला. तो थांबल्यावर रेंज ऑफिसर, म्हणजे तिथला पंच, ड्रमवर वाकला. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, ऑफ. गन पंप-ॲक्शन होती, म्हणजे नळीखालची मूठ हाताने मागेपुढे केल्यावरच पुढचं काडतूस वर चढतं. उघडून पाहिली तर चेंबरमध्ये झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी, आणि खालच्या ट्यूबमध्ये दोन जिवंत काडतुसं.

माझ्या पानावर लिहिलं होतं, ‘गन सोडताना सुरक्षित अवस्थेत सोडावी.’ बस्स, एवढंच.

“चाप ओढून बघ, काही होणार नाही,” तो गडी म्हणाला. खरंच होतं ते. पंप मागेपुढे केल्याशिवाय ती गन उडणार नव्हती. “दोन काडतुसं आत आणि सेफ्टी ऑफ. ही गन भरलेलीच आहे, डीक्यू,” म्हणजे सामन्यातून बाद, रेंज ऑफिसर म्हणाला. तेही खरंच होतं. आजूबाजूला बारा माणसं उभी, निम्मी इकडे, निम्मी तिकडे, आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे. मोघम लिहिलं ते मी, मग त्याची शिक्षा त्याला कशाला, असा विचार करून मी त्याला खेळू दिलं. मे महिन्यात जवळपास अशाच चुकीसाठी मी एका बाईंना बाद केलं होतं. त्या दिवशी त्या त्याच स्क्वॉडमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, होत्या. काही बोलल्या नाहीत. उरलेल्या दोन स्टेज (एकेका बेमधली धाव म्हणजे एक स्टेज) न खेळता त्यांनी रायफल बॅगेत घातली आणि गाडी काढली.

इथे अमेरिकेत येऊन मला बावीस वर्षं झाली, ओहायोत अकरा. पोटापाण्याचं काम हिशेबतपासणीचं. महिन्यातला एक रविवार मात्र मातीच्या उंच बांधांमध्ये, हातात टायमर घेऊन जातो. आई अजूनही फोनवर विचारते, “अगं, त्या बंदुका घेऊन तुम्ही करता तरी काय?” तिला सांगते तेच इथे सांगते. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन (गावाकडे जिला बारा बोअर म्हणतात, तीच) अशा तिन्ही गन एका सामन्यात, बरेचदा एकाच धावेत वापरायच्या. घड्याळ चालू असतं. कागदाची टार्गेट, लोखंडाच्या पाट्या, उडणाऱ्या मातीच्या चकत्या. जो कमी वेळात आणि कमी चुकांत संपवेल तो जिंकला.

या खेळाचा नियम-इतिहास जरा विस्कळीत आहे, आणि आमच्या गोंधळाचं मूळ थोडंफार तिथेच आहे. पिस्तुलाच्या प्रॅक्टिकल, म्हणजे घड्याळ लावून पळत खेळायच्या, नेमबाजीला १९७६ साली मिझुरीतल्या कोलंबिया गावात आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना मिळाली. १९८४ मध्ये तिची अमेरिकन शाखा यूएसपीएसए उभी राहिली. तीन बंदुकांचे सामने मात्र १९८०च्या दशकात मोठमोठ्या स्वतंत्र स्पर्धांमधून वाढले, आणि जो भरवेल त्याचे नियम अशी रीत पडली. पुढे यूएसपीएसएनेही मल्टीगनसाठी वेगळं नियमपुस्तक काढलं. तरी कुठल्याच संघटनेचं पुस्तक न घेता भरणारे सामने आजही भरपूर आहेत. त्यांना इथे चक्क ‘आउटलॉ’ म्हणतात. नाव ऐकून दरोडेखोर डोळ्यांसमोर येतात. असतात बिचारे टायमरवाले, माझ्यासारखेच.

आम्हीही आउटलॉच होतो, आणि तेही हौसेने. शंभर पानी पुस्तक बघून नवखे पळतात, असं माझं मत होतं. जूननंतर मत बदललं. ती शंभर पानं म्हणजे कुठल्या तरी क्लबात कोणीतरी आधीच घातलेल्या शंभर वादांचा निकाल असतो. पंप गनच्या चेंबरमधली रिकामी पुंगळी मला पहिल्यांदा दिसली म्हणून ती जगात पहिल्यांदा घडली असं थोडंच आहे? तेव्हा जुलैपासून आम्ही एक छापील पुस्तक जसंच्या तसं घेतलं, सुरक्षेच्या भागाला बोटही न लावता. गन सोडायची तर पूर्ण रिकामी, नाहीतर सेफ्टी पूर्ण ऑन. तिसरी अवस्था नाही. पुंगळीबिंगळी काही विचारायचं नाही.

बदलायचं ते फक्त गुणांच्या भागात, आणि तिथे माझ्यातली हिशेबनीस गप्प बसली नाही.

पिस्तुलाच्या सामन्यात हिट फॅक्टर चालतो. मिळालेल्या गुणांना सेकंदांनी भागायचं. मल्टीगनमध्ये बहुतेक ठिकाणी ‘टाइम प्लस’ असतं, म्हणजे घड्याळातला वेळ अधिक चुकांचे सेकंद. प्रेक्षकालाही कळतं आणि नवख्यालाही. प्रश्न येतो तो सगळ्या स्टेज मिळून निकाल काढताना. पहिल्या वर्षी आम्ही सरळ बेरीज करायचो. मग एका रविवारी रात्री मी दोन नेमबाजांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसले. पहिल्याचे चार स्टेजचे वेळ २२, २५, ३० आणि १५० सेकंद. दुसऱ्याचे २८, ३१, ३६ आणि ९०. बेरीज २२७ आणि १८५, म्हणजे दुसरा ४२ सेकंदांनी पुढे. पण नीट पाहिलं तर पहिला गडी चारपैकी तीन स्टेज जिंकलेला! एका लांब पल्ल्याच्या रायफल स्टेजने त्याचा सगळा दिवस गिळला होता.

दुसरी पद्धत अशी की प्रत्येक स्टेज १०० गुणांची. सर्वांत कमी वेळवाल्याला १०० आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. दोघांचीच तुलना केली तर पहिल्याचे १००, १००, १०० आणि ६० मिळून ३६० होतात. दुसऱ्याचे ७८.६, ८०.६, ८३.३ आणि १०० मिळून ३४२.५. निकाल उलटा! तीच माणसं, त्याच गोळ्या. मग खरा विजेता कोण? ज्याने त्याने आपलं ठरवावं. माझ्या मते लोक सामन्याला येतात ते चार परीक्षा द्यायला, तीन सराव आणि एक परीक्षा द्यायला नव्हे. आम्ही गुण घेतले. टॅबलेटवरचं प्रॅक्टिस्कोर हे गुण मोजायचं ॲप हे सगळं आपोआप करतं, पण कुठली पद्धत निवडायची ते ते सांगत नाही.

दंडाचे सेकंद ठरवतानाही मी एकदा आपटले. २०० यार्डांवरची पाटी चुकली तर दहा सेकंद, असं ठेवलं होतं. चांगल्या नेमबाजाला ती पाटी पाच-सहा सेकंदांत लागते. मध्यम माणसाला रायफल टेकवून, श्वास आवरून, दोन-तीन गोळ्या घालवून पंधरा-वीस सेकंद लागतात. आता त्याने काय करावं? त्याने तेच केलं. पाटीच्या दिशेने एक गोळी झाडली, कारण टार्गेटकडे अजिबात न झाडल्याचा दंड वेगळा असतो, आणि रायफल ड्रममध्ये टाकून पुढे पळाला. पाच सेकंद तरी वाचले. तिसऱ्या स्क्वॉडपर्यंत ही बातमी पसरली आणि मग त्या पाटीला गोळी लागल्याचा ‘टण्ण’ आवाज दुपारभर फारसा कोणी ऐकलाच नाही. आता लांबच्या पाटीला वीस सेकंद ठेवले आहेत. दंड हा माणसाला लागणाऱ्या वेळेपेक्षा महाग हवा, नाहीतर तो दंड नसून तिकीट आहे.

डिव्हिजनबद्दल, म्हणजे बंदुकांच्या प्रकारांवरून पाडलेल्या गटांबद्दल, लोक माझ्याशी तासन् तास बोलतात आणि मला त्यात सगळ्यात कमी रस आहे. टॅक्टिकलमध्ये रायफलवर एक दुर्बीण आणि ट्यूबमधून भरायची शॉटगन. ओपनमध्ये जवळजवळ सगळं चालतं, अगदी मॅगझिनवाली शॉटगनसुद्धा. हेवी मेटलमध्ये .३०८ ची रायफल आणि .४५ चं पिस्तूल घेऊन काही हट्टी लोक खांदे दुखवून घेतात. बेचाळीस माणसांत सहा डिव्हिजन ठेवल्या की तीन डिव्हिजनांत स्पर्धक एकेकच असतो आणि तो पहिला येतो. आम्ही तीन ठेवल्या.

लोखंडाबाबत मात्र मी कोणाचं ऐकत नाही. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ११०० फुटांनी जाते, .२२३ रायफलची ३०००च्या आसपास. पिस्तुलाने वर्षभर ठोकलेली पाटी फक्त करडी होते. तीच पाटी रायफलसाठी फार जवळ लावली तर पृष्ठभागावर वाटीसारखा खड्डा पडतो. आणि सपाट पाटीवर आपटलेल्या गोळीचे तुकडे पाटीच्या पातळीत बाजूंना जातात, खड्ड्यातून मात्र ते कुठेही, अगदी मारणाऱ्याकडेही, परत येतात. पिस्तुलासाठी किमान सात मीटर. रायफलसाठी त्याच्या कितीतरी पट. आम्ही जवळच्या बेमध्ये रायफलला फक्त कागद देतो. खड्डा दिसला की पाटी त्याच दिवशी काढून ठेवायची.

नोंदणीच्या टेबलावर माझ्याकडे दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असतं. प्रत्येकाच्या रायफलच्या गोळीला लावून बघते. चिकटली तर ती पेटी परत गाडीत. हिरव्या टोकाच्या गोळीत पोलादी टोक असतं, ते पाटीला खातं. काही स्वस्त गोळ्यांच्या नुसत्या आवरणात लोखंड असतं, त्यांचे मालक हिरिरीने वाद घालतात. असेल तुमचं खरं, पण कोणाच्या गोळीच्या पोटात काय आहे ते उघडून बघायला मला सकाळी आठ वाजता वेळ नसतो. शॉटगनमध्ये छर्रे शिशाचेच. पोलादी छर्रे पाटीवरून उसळतात.

पण नव्याने सामना भरवणाऱ्याला मला खरं विचारायचं असतं ते गोळ्यांचं नव्हे, वेळेचं. अठ्ठेचाळीस माणसं, चार स्टेज, बाराचा एक स्क्वॉड. एका माणसाला बोलावणं, मारणं, गुण लिहिणं, कागदावरच्या भोकांना चिकटपट्ट्या लावणं आणि पाट्या उभ्या करणं मिळून साडेचार मिनिटं धरली तर बारा जणांचे चोपन्न मिनिटं. चार फेऱ्यांचे २१६, म्हणजे तीन तास छत्तीस मिनिटं. आता एकाच स्टेजवर माणशी सहा मिनिटं लागली तर? स्टेज एकच हळू असली तरी स्क्वॉड सगळे एकदम पुढे सरकतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला सगळे तिच्यासाठीच थांबतात. बहात्तर गुणिले चार, २८८ मिनिटं. पावणेपाच तासांच्या वर. एका स्टेजपायी जवळजवळ सव्वा तास जास्त, आणि उरलेले तीन स्क्वॉड उन्हात खुर्च्यांवर. म्हणून आमच्याकडे १२० सेकंदांची मर्यादा आहे. टायमर तिथे पोचला की रेंज ऑफिसर थांबवतो, उरलेल्या टार्गेटांचा दंड लागतो. नवख्यांना वाईट वाटतं खरं. पण दोनशे यार्डांवर वाऱ्याशी भांडत चौथं मॅगझिन संपवणाऱ्यालाही आतून सुटल्यासारखंच वाटतं, हे मी चेहऱ्यांवर पाहिलंय.

नवख्यांसाठी शॉटगन भरणं ही खरी अडचण आहे. सुरुवातीला गनमध्ये नऊ काडतुसं, पुढची धावता धावता भरायची. सराईत माणूस पट्ट्यावरून चार काडतुसं एकदम उचलतो, गन खांद्यावर उलटी करतो आणि अंगठ्याने दोन-दोन करून ट्यूबमध्ये सारतो. दोन सेकंदांत चार. पाहताना हातचलाखीच वाटते. मला सहा वर्षांत जमलेलं नाही. माझी दुसरी जोडी हमखास गवतात पडते. म्हणून मी स्टेज आखताना शॉटगनची टार्गेट बारापेक्षा जास्त ठेवत नाही. यात माझा स्वार्थ आहे असं कोणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

त्या मे महिन्यातल्या बाईंना मी जुलैत पत्र लिहिलं. नवं पुस्तक जोडलं, गन सोडण्याच्या कलमाखाली रेघ मारली, आणि लिहिलं की या कलमाने मे महिन्यातला निर्णय बरोबर होता आणि जूनमधला चुकीचा, आणि जूनमधला माझा होता. उत्तर आलं नाही. सप्टेंबरच्या नोंदणीत मात्र त्यांचं नाव दिसलं, टॅक्टिकलमध्ये. चार नंबरच्या बेमध्ये त्यांनी शॉटगन संपवली, ड्रमशी आल्या, सेफ्टी दाबली, मग गन तिरकी करून ती दाबली गेल्याचं डोळ्यांनी पाहिलं, आणि मग आत सोडली. पूर्ण एक सेकंद गेला त्यात. टायमर माझ्याच हातात होता.

येत्या रविवारी पाऊस आहे. कागदी टार्गेटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायच्या आहेत, उलट्या, तोंड खाली करून. मागच्या वेळी कोणीतरी तोंड वर ठेवलं आणि प्रत्येक पिशवीत पाव लिटर पाणी साठलं होतं. शनिवारी दुपारी एक वाजता मदतीला या. स्टेपलर असेल तर आणा, आमचे दोन्ही अडकतात.