विकुन्याची लूत आणि राहिलेला दुसरा डोस

परळला व्हेटर्नरी करताना लूत म्हणजे गल्लीतलं केस गेलेलं कुत्रं, एवढंच डोक्यात होतं. तीच लूत पेरूमध्ये ४००० मीटरवर विकुन्याच्या मांडीत बघेन असं कोणी म्हटलं असतं तर हसले असते. विकुन्या म्हणजे उंटाच्या खानदानातला, पण बिनकुबडाचा रानटी प्राणी, वजन ४०-५० किलो, लोकरीचा धागा जेमतेम १२-१३ मायक्रॉन जाडीचा.

मास्टर्सच्या प्रोजेक्टसाठी आयाकूचोच्या पठारावर चाक्कूला गेले होते (आपला भाजीचा चाकू नाही, घरी फोनवर हे तीनदा सांगावं लागलं). गावची शेकडो माणसं रंगीत फिती बांधलेला लांबच लांब दोर धरून चालत येतात, मधले विकुन्ये हळूहळू जाळीच्या कुंपणात जातात, लोकर कापायची आणि सोडून द्यायचे. लूत लागलेले बाजूला काढून सॅम्पल घेणं हे माझं काम.

पहिल्या तीन स्लाइडवर काहीच नाही. दम लागलेला, डोकं ठणकतंय, कोकाच्या पानांचा चहा पिऊन पिऊन तोंड कडू, आणि समोर काखेपासून मांडीपर्यंत खपल्या धरलेलं जनावर असताना मायक्रोस्कोप म्हणतोय सगळं ठीक. चूक माझीच होती, टक्कल पडलेल्या जुन्या जागी वरवर खरवडत होते. तिथल्या व्हेटताईंनी ब्लेडला तेल लावून जखमेच्या ताज्या कडेला रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत खरवडून दाखवलं, कारण लुतीच्या किड्याची मादी कातडीत बोगदा करून आत अंडी घालत जाते. चौथ्या स्लाइडवर दिसला एकदाचा! सार्कोप्टीस, म्हणजे लुतीचा किडा, गोल, भाकरीला आखूड पाय फुटल्यासारखा. इतका आनंद झाला की नंतर जरा लाजच वाटली.

तिकडे याला कराचा म्हणतात. एका आजोबांनी सांगितलं की आधी घरच्या अल्पाकांना (विकुन्याचे लोकरीसाठी पाळलेले भाऊबंद) गाडीचं जळकं ऑइल फासायचे. मी म्हटलं आजोबा, आमच्या गावाकडे पण हेच! (नका लावू, कुत्र्याला पण नका.) अल्पाका आणि विकुन्ये एकाच कुरणात चरतात, एकाच जागी लोळतात. अर्जेंटिनाच्या सान गिलेर्मोमध्ये २०१४ नंतर ही लूत अशी पसरली की काही वर्षांत तिथले ९० टक्क्यांहून जास्त विकुन्ये आणि ग्वानाको (त्याच खानदानातला दुसरा रानटी प्राणी) गेले, मग त्यांच्या मढ्यांवर जगणारी कॉन्डोर गिधाडंही तिथं कमी दिसायला लागली. तिथं ती पाळीव लामांकडून आली असावी असा संशय आहे.

उपचार सोपा वाटतो, आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन कातडीखाली, ४० किलोला ०.८ मिली. पण त्याने अंडी मरत नाहीत, ती फुटून नवे किडे निघतात म्हणून दोनेक आठवड्यांनी परत टोचायचं असतं. कुत्र्याचा मालक परत येतो हो, विकुन्या कुठून येणार? पुढचा चाक्कू वर्षाने. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की ज्या कुंपणात आपण इंजेक्शन देतो तिथंच आजारी आणि धडधाकट अंगाला अंग घासून उभे असतात. मी हे बोलले, तर पुढच्या खेपेपासून आजारी जनावरांसाठी वेगळा कप्पा केला, पण तिथपर्यंत येताना गर्दी व्हायची ती होतेच.

आठवड्यात माझ्या मनगटावर आणि कमरेला पुरळ. जनावरातला किडा माणसात टिकत नाही, आपोआप जातो हे मला पाठ होतं, तरी रात्रभर खाजवत बसले. आई म्हणे कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ कर. आई, इथे गवताशिवाय काही उगवत नाही गं.

इंजेक्शन दिलेल्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका लावला होता. चौदाव्या दिवशी दुर्बीण घेऊन टेकाडावर बसले. सकाळभरात चार निळे दिसले. तिघं निवांत चरत होते, चौथा दर दोन मिनिटांनी मान वळवून मांडी चावत होता, आणि माझ्या बॅगेत भरलेली सिरिंज तशीच पडून होती.